इस्त्री केलेला मोजा

ता. ९, सोमवार

चिमणे,

तू बरी असशील, मी नाही. या वस्तूला मोजा म्हणणाऱ्याच्या तोंडातच तो कोंबला पाहिजे. लांब मांडीपर्यंत आणि तोंड एवढंसं, की माझा पंजाही आत जाईना. फुगलेल्या शिरा डॉक्टरीणबाईंनी जाळून बंद केल्या, त्याला अर्धा तासही लागला नाही. खरा छळ पुढे आहे. हा दाबाचा मोजा रोज सकाळी चढवायचा, दिवसभर ठेवायचा. तीन आठवडे.

शनिवारी तुझ्या भावोजींनी ओढायला घेतला. मोजा गुडघ्यापर्यंत आला आणि हे पलंगाखाली गेले. आता त्यांची कंबर धरलीय. दोघं आडवे, आणि चहा कोण करणार यावर भांडतो.

हा दुसरा मोजा. पहिल्याचं काय झालं ते विचारू नकोस.

शुक्रवारी तपासायला गेले, तर पहिला घोट्यावर गोळा होऊन बसलेला, पाय सुजलेला. मी म्हटलं, माल खराब. नर्सनं मोजा उजेडात धरला. "मावशी, याला अशी कडक घडी कुणी मारली?"

"कंपनीतूनच आली," मी म्हटलं.

तुला म्हणून सांगते, धुतल्यावर चुरगळलेला दिसला. सव्वीस वर्षं लाँड्रीत उभ्यानं इस्त्री केली, चुरगळलेलं दिसलं की हात थांबत नाही. कडकडीत फिरवली. वर पाणीही शिंपडलं. रबराचा जीवच गेला.

आता डॉक्टरीणबाई म्हणतात, मोजा नीट बसला नाही तर सूज उतरणार नाही, आणि सूज उतरल्याशिवाय कामावर उभं राहायचं नाही. दुकानात माझ्या टेबलाशी नवीन पोरगी उभी केलीय. कॉलरच्या आधी बाह्या घेते! महिनाभर राहिली तर ते टेबल तिचंच.

तू बेकरीत पोतंभर पीठ मळतेस. तुझ्या मनगटात जोर आहे, माझ्या घरात कुणाच्यात नाही.

दोन वर्षांमागे माझ्या पोटऱ्या बघून तू म्हणालीस, "ताई, या शिरा दाखवून घे." मी म्हटलं, "माझे पाय बघायला आली असशील तर दार तिकडे आहे." तर तू गेलीसच! दार दाखवलं होतं, ढकललं नव्हतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन वर्षं आधी आला असतात तर इतकं वाढलं नसतं. हे मी तुला सांगणार नव्हते.

येताना नखं कापून ये, मोजा फाटतो. बाजूची खोली झाडून ठेवलीय, उशीच्या अभ्र्याला इस्त्री केलीय. बसून केली, ओरडू नकोस.

गुरुवारपर्यंत उत्तर पाहिजे. येणार नसलीस तर मला दुसरं पत्र लिहावं लागेल आणि त्यात माफी मागावी लागेल. या वयात माझ्यावर ती पाळी आणू नकोस.

पाय उशीवर ठेवून वाट बघणारी,
तुझी ताई