जबल हुसैनच्या शाखेतलं गुप्त गिऱ्हाईक

३ ऑक्टोबर, गुरुवार
आजपासून मी गुप्त गिऱ्हाईक. या वहीशिवाय कुणालाही सांगायचं नाही. (इन्साफला सांगितलं, बायको आहे. रुबाला सांगितलं, मुलगी आहे आणि समोरच बसली होती. इन्साफच्या भावाला सांगितलं, कारण तो मला रिकामटेकडा समजतो.) बाकी कुणालाही नाही.

काम असं. 'लुक्मा' नावाची सँडविचची दुकानं आहेत, अम्मानभर शाखा. तिथे साधं गिऱ्हाईक म्हणून जायचं, खायचं, आणि काउंटरवरचा माणूस कसा वागला याचा रिपोर्ट एजन्सीला पाठवायचा. त्याला पत्ता लागता कामा नये. एजन्सीतला मुनीर फोनवर म्हणाला, सोपं काम आहे काका, कुणीही करू शकेल. कुणीही! सरकारी खिडकीमागे बसून उभा जन्म मी फोटो आणि तोंडं ताडून पाहिली. हा मुनीर तेव्हा दुपट्यात असेल.

संकल्प: चेहरा कोरा. आवाज सपाट. कुणाशी सलगी नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार
पहिली मोहीम. जबल हुसैन भागातली शाखा, रुबाच्या औषधाच्या दुकानासमोरची. वेष: काळा चष्मा, राखाडी टोपी. पात्र: अकाब्याहून आलेला फरशांचा व्यापारी. तासभर आरशासमोर सराव केला. इन्साफ म्हणाली, दाढदुखी झाल्यासारखे दिसताय.

काउंटरवर सुहैब नावाचा तरुण. छातीवर बिल्ला होता. काटकुळा, आणि सारखे दात काढणारा. मला पाहताच खुर्ची पुसली. पाव पुन्हा गरम केला. फलाफल काठोकाठ भरले. लोणच्याची वाटी न मागता, आणि तीही दोनदा. इतकं लोचट पोर मी आजवर पाहिलं नव्हतं. निघताना म्हणाला, पुन्हा या, अबू कैस.

क्षणभर दचकलो. मी अबू कैस, म्हणजे कैसचा बाप, हे याला कसं कळलं? पण विचार केला, अम्मानमध्ये कैस नावाची मुलं पोत्यानं सापडतात. प्रत्येकाच्या बापाला अबू कैसच म्हणणार. अंदाजानं मारलेला खडा.

जेवताना रुबानं खोदून खोदून विचारलं. सँडविच कसं होतं, काउंटरवर कोण होतं, नीट बोलला का. बापाच्या कामात एवढा रस घेणारी मुलगी आजकाल मिळत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार
मुनीरनं रिपोर्ट परत पाठवला. फक्त काय घडलं तेवढंच लिहा म्हणतो. मी लिहिलं होतं, 'सदर तरुणाचं हसू खानदानी माणसाचं हसू नव्हे.' तो विचारतो, सँडविच गरम होतं का? होतं. मग तेवढं लिहा की काका. अशा लोकांच्या हाताखाली काम करायचं म्हणजे अक्कल दारात ठेवूनच आत जायचं.

संध्याकाळी चुलतभावाचा दोह्याहून फोन. त्याचा मुलगा वाएल तिथे इंजिनियर आहे. रुबासाठी मीच विषय काढला होता. वाएलनं फोटो पाठवलाय. गाडीचा आहे. तो स्वतः त्यात नाही, पण गाडी स्वच्छ आहे, माणसाची पारख त्यावरूनही होते. रुबाला दाखवायला गेलो तर तिचं डोकं दुखायला लागलं. मागच्या वेळीही दुखलं होतं. औषधांच्या वासात दिवसभर उभं राहायचं, दुसरं काय होणार.

ठरलं. वर्ष संपायच्या आत रुबाचं लग्न वाएलशी. यात बदल नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार
स्वेफियेची शाखा. श्रीमंत बापांची पोरं, प्रत्येकाच्या हातात फोन, तोंडात घास आणि डोक्यात वारा. काउंटरवरच्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. नुसतं म्हणाला, पुढचा! हलूमी चीज थंड, पाव चपलेच्या तळव्यासारखा. पण मला ओळखलं नाही, म्हणजे वेष पक्का. दहापैकी नऊ दिले.

१४ ऑक्टोबर, सोमवार
मुनीर म्हणाला, जबल हुसैनला पुन्हा जायची गरज नाही. मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, पैसे मिळणार नाहीत. मी म्हटलं, मी पैशासाठी करतो असं तुला कुणी सांगितलं?

नवा वेष: टोपी नाही, टाय. पात्र: इराकी डॉक्टर. मी तोंड उघडायच्या आत सुहैबनं सँडविच पुढे केलं. टोमॅटो नाही, लसणीचं सॉस दुप्पट. अगदी मी घरी खातो तसं. माझ्या चेहऱ्यातच काहीतरी आहे, टोमॅटो खाणारा माणूस हा नव्हे हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मग पैसे घेईना! राहू द्या काका, घरचंच आहे. आता हे अम्मानमधला प्रत्येक दुकानदार म्हणतो. आपण नाही नाही म्हणायचं, तो राहू द्या म्हणणार, शेवटी आपण पैसे ठेवायचे, अशी रीत. पण हा खरंच घेईना! नोट दोनदा माझ्या खिशात कोंबली. मागे उभी असलेली बाई म्हणाली, काका, आटपा, माझी मुलं गाडीत रडताहेत. शेवटी नोट काउंटरवर फेकून पळालो.

सरळ सरळ लाच. आता याला सोडत नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार
रिपोर्ट लिहीत होतो. इन्साफ येऊन बसली. मुळात माझ्या लिहिण्याच्या वेळीच हिला बोलायचं असतं. म्हणे, त्या सँडविचच्या दुकानातल्या सुहैबबद्दल बोलायचंय. हिशेबाचं शिकलाय, माणसं सल्ट गावची, वडील नाहीत पण काका वजनदार. मी म्हटलं, मला त्याच्याबद्दल सगळं माहीत आहे. ती म्हणाली, सगळं? मी म्हटलं, सगळं. मग म्हणाली, म्हणजे तुमची हरकत नाही ना? मी म्हटलं, नाही, नाही, कशालाच नाही, आता जा.

दारात थांबून पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हटलं. जाताना चक्क गाणं गुणगुणत होती. हिला कशाचा आनंद होईल सांगता येत नाही.

'लाच' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

२१ ऑक्टोबर, सोमवार
अंतिम रिपोर्ट पाठवला. शेवटचं वाक्य: 'अशा माणसाच्या हाती पाव देणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या विश्वासाचा खून होय.' वाचून स्वतःच्याच अंगावर काटा आला. रुबाला वाचून दाखवलं. तिचं डोकं दुखायला लागलं. तिचे डोळे एकदा तपासून घेतले पाहिजेत.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
जबल हुसैनला गेलो. सुहैब नाही. काउंटरवर कुणी गलेलठ्ठ इसम, हनुवटीवर चामखीळ. विचारलं तर म्हणाला, सुहैब? तो आता इथे नसतो.

गेला! माझ्या लेखणीनं गेला. कुणी म्हणेल यात काय विशेष, पण एका वाक्यात माणूस उडवणं सगळ्यांना जमत नाही.

सँडविच मागवलं. थंड. टोमॅटोच टोमॅटो. लोणचं मागितलं तर चामखीळवाला म्हणाला, संपलंय हाजी, दुपारी यायचं. खाऊन आलो. पोट बरं नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार
इन्साफ म्हणाली, शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर सुहैबकडची जाहा येतेय. घरातली मोठी माणसं, गावातली चार वजनदार माणसं, सगळी मिळून मागणं घेऊन येतात ती जाहा. तीसुद्धा एका सँडविचवाल्याच्या नोकरीसाठी! एका नोकरीसाठी एवढी माणसं घराबाहेर काढणारं खानदान. कीव येते.

म्हणजे गुपित फुटलं. कुणी फोडलं असेल? इन्साफच्या भावावर संशय आहे.

इन्साफ म्हणाली, कशासाठी येताहेत ते माहीत आहे ना, अबू कैस? मी म्हटलं, मला नाही तर कुणाला माहीत असणार! ती म्हणाली, मग त्या दिवशी आरडाओरडा करायचा नाही हं. मी कशाला ओरडतोय? हरलेल्या माणसावर मी ओरडत नाही. माफ करायचं ठरवलं आहे. पण चेहऱ्यावर शेवटपर्यंत काही दिसू द्यायचं नाही.

३० ऑक्टोबर, बुधवार
इर्बिदहून थोरल्या भावाचा फोन. मबरूक, अभिनंदन, म्हणाला. कीर्ती इर्बिदपर्यंत पोचली. शुक्रवारी तोही येतोय, बरोबर दोन मेहुणे.

इन्साफनं कुनाफा सांगितलाय. मिठाईचं तबक गाडीच्या चाकाएवढं. एका रिपोर्टच्या माफीला एवढा कुनाफा! रुबा केस करून घ्यायला गेलीय. या घरात माझ्या कामाचं महत्त्व उशिरा का होईना कळलं.

दोह्याहून फोन आला होता. चुलतभावाला म्हटलं, पुढच्या आठवड्यात बोलू, सध्या लोकांचे निवाडे करतोय.

१ नोव्हेंबर, शुक्रवार, रात्र
वही दोनदा उघडून मिटली. तरी लिहितो.

असरनंतर आले. गल्लीत गाड्या लावायला जागा उरली नाही. दिवाणखाना भरला, व्हरांडा भरला, उरलेले जिन्यात. सुहैब कोपऱ्यात, नवा सूट, मान खाली. मला वाटलं, लाजेनं.

कॉफी आली. त्यांच्यातले सगळ्यात वडील, हाजी अबू रातिब, सुहैबचे काका. त्यांनी कप घेतला आणि न पिता समोर ठेवला. म्हणाले, आम्ही तुमच्या दारी एक मागणं घेऊन आलोय, ते मिळाल्याशिवाय कॉफीला ओठ लावणार नाही. आमच्याकडून उत्तर द्यायला थोरल्या भावानं घसा खाकरला. मी त्याला हातानं खाली बसवलं. प्रकरण माझं, उत्तर मी देणार.

उभा राहिलो. म्हणालो, हाजी, कॉफी प्या. जे मागायला आलात ते दिलं. ऐकायचीसुद्धा गरज नाही. बिनशर्त दिलं, आणि या मुलाबद्दल मी जे काही बोललो असेन ते माघारी घेतलं.

आवाज छान लागला होता.

हाजी अबू रातिबच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, एवढ्या जाहा नेल्या, एवढी लग्नं जमवली, पण मागणं कानावर पडायच्या आत मुलगी देणारा बाप आज पहिल्यांदा पाहिला. अल्ला तुमच्या रुबाला आमच्या सुहैबच्या घरी सुखात ठेवो.

सगळ्यांनी कप उचलले. शब्द पक्का करणारी फातिहा म्हटली. स्वयंपाकघरातून बायकांच्या हर्षाच्या आरोळ्या सुरू झाल्या, त्यात इन्साफचा आवाज सगळ्यात वर. सुहैबनं येऊन माझ्या खांद्याचं चुंबन घेतलं. कुणीतरी विचारलं, बोला, खूश ना, अबू कैस? मी मान हलवली. ती आधीपासूनच हलत होती.

एवढ्या लोकांत दिलेला शब्द मागे घेता येत नाही. घेतला तर अम्मानच काय, इर्बिदलासुद्धा तोंड दाखवायची सोय नाही. कुनाफा पुरला. वर थोडा उरलासुद्धा.

२ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी इन्साफला जाब विचारला, मला स्पष्ट का सांगितलं नाही. म्हणाली, दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हरकत नाही म्हणालात. आणखी कसं सांगायचं, ढोल वाजवून?

विचार केला. जे झालं ते झालं. पण माझ्या रिपोर्टमुळे नोकरी गेलेल्या माणसाच्या घरी माझी मुलगी जाणार. तिच्या पोटाचा प्रश्न. माझं नाव गेलं तरी चालेल, पण जावयाला कामावर परत घ्यायला लावायचं. मुनीरला फोन केला. म्हटलं, ते सगळे रिपोर्ट रद्द कर, मी माझा शब्द मागे घेतो.

मुनीर म्हणाला, कुठले रिपोर्ट? जबल हुसैनचे? ते कधी धरलेच नाहीत काका. सुहैबनं तुमच्या पहिल्या फेरीनंतरच मुख्य कचेरीत फोन करून सांगितलं होतं, हे गृहस्थ ज्या मुलीशी मला लग्न करायचंय तिचे वडील आहेत. यांनी चांगलं लिहिलं तरी धरू नका, वाईट लिहिलं तरी धरू नका. म्हणून तर तुम्हाला म्हणत होतो, तिकडे जाऊ नका.

म्हटलं, मग त्याला काढलं कशाला? मुनीर म्हणाला, काढलं कुठे? स्वेफियेला मॅनेजर केलंय. तिथली वागणूक फार वाईट आहे अशा तक्रारी होत्या. फक्त तुम्ही नऊ दिले होते.

फोन ठेवला. टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. जायचं कुठेच नव्हतं.

दुपारी रुबा चहा घेऊन आली. कपाळाचं चुंबन घेतलं, शेजारी बसली. डोकं दुखत नव्हतं. मुळात ते कधी दुखलंच नसावं. हसत होती, आणि मी तिला असं हसताना शेवटचं कधी पाहिलं ते आठवेना. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, त्या सल्टवाल्यांना काही हिशेब आहे की नाही? दहा माणसं आली असती तरी चाललं असतं. जिन्यात माणसं बसवायची म्हणजे काय?

ती म्हणाली, ती तुमच्यासाठी आणली होती, बाबा. आईला खात्री नव्हती तुम्ही नीट ऐकलंय की नाही. आणि वर्षभर मला धीर होत नव्हता. चार माणसांसमोर तुम्ही ओरडला असता. एवढ्यांसमोर ओरडणार नाही, असं आम्हाला वाटलं.

रागानं नाही. ती अगदी हळू म्हणाली, चहा ओतत.

मी एक घोट घेतला. म्हणालो, साखर जास्त झालीय.

हो बाबा, म्हणाली, आणि दुसरा करायला उठली.

साखर बरोबर होती.