बाबांचं अर्धं वाक्य

५ जानेवारी

शी! स्वतःचा आवाज ऐकवत नाही. बाबांची मुलाखत उतरवून काढायला बसले आणि दहा मिनिटांत तोंड लपवावंसं वाटलं. मी सख्ख्या बापाला 'आपण' म्हटलंय! "आपण या अनुभवाकडे कसं पाहता?" — बाबा बिचारे खाकरतात, म्हणतात, "चांगल्या नजरेने पाहतो." शेवटी मी "आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे", तर बाबा "मीही आभारी आहे". मागे स्वयंपाकघरात आई फिसकन हसते, तेही आलंय.

आणि प्रबंधाचा सगळा भार याच मुलाखतीवर! बल्बच्या कारखान्यातून काढलेल्या कामगारांचं पुढे काय झालं, हा माझा विषय. ऑनर्सच्या वर्षाला मिळाला तेव्हा किती मिरवलं मी. बाकीचे माणसं शोधत वणवण फिरतात, माझा माणूस घरातच!

७ जानेवारी

प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमनी रेकॉर्डिंग ऐकलं. माझ्या वर्गातले तिघं समोर बसलेले. एका जागी त्यांनी थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं.

बाबा म्हणतात, "खरं सांगायचं तर, माणसं कमी करायला लागले ना, तेव्हा तुझ्या आईला —"

आणि मी! "बाबा, आईचं नंतर. आधी तुमचं."

नंतर विचारलंच नाही.

मॅडम ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माणूस बोलायला लागला होता गं." त्या तिघांतल्या चष्मिशने खाली मान घातली — माझ्यासाठी! ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. ते वाक्य पुरं करून आण, म्हणाल्या, त्याशिवाय हे प्रकरण मी पुढे जाऊ देणार नाही.

८ जानेवारी

विचारलं. "त्या दिवशी आईचं काय सांगत होतात हो?"

बाबा चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यांवरच होता. "काही नाही गं. असंच."

आत भांडी जरा जास्तच आपटली.

१२ जानेवारी

दुसरी बैठक. बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मी रेकॉर्डर लावला आणि संपलंच सगळं! "कामगारांचे अतोनात हाल झाले." "व्यवस्थापनाचे धोरण चुकले." पोपटासारखं. पण शिकवलं कुणी? मीच ना! आईचा विषय काढला तर "ती गृहिणी", आणि खोकला.

मग माझी सटकली. "बाबा, तुमच्यामुळे माझं वर्ष जाईल!" असं मी म्हणाले. खरंच म्हणाले. माझ्या शिक्षणासाठी ज्या माणसाने मिळेल ते काम केलं, त्याला.

बाबांनी गळ्याचं बटण सोडलं. "नाही जाणार, प्रोफेसर. तुझं नाही जाणार." पायांत चपला सरकवून बाहेर निघून गेले. रेकॉर्डर चालूच होता. बंद करायचंही मला सुचलं नाही.

माझी मलाच लाज वाटते. लिहून काही कमी होत नाहीये.

१३ जानेवारी

घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. मीठ मागायचीही चोरी.

१५ जानेवारी

आधीचं प्रकरण चाळत होते. बाबांच्या माहितीत मी लिहिलंय — 'पत्नी काही वर्षे याच कारखान्यात पॅकिंगला. संसारासाठी नोकरी सोडली.' हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही! आईने नोकरी सोडली, असं घरात म्हणतात म्हणून मीही म्हणते.

आई कामावरून यायची तेव्हा तिच्या केसांत खोक्यांतले कागदाचे कपटे अडकलेले असायचे. मी मांडीवर बसून एकेक काढायचे. आठवतंय मला! घरात दोन कामगार होते आणि ही संशोधन करणारी बया एकाची मुलाखत घेत होती, दुसरीला म्हणत होती, "आई, दोन चहा."

आज गेले तिच्याकडे. मान वर होत नव्हती. म्हटलं, आई, तू का सोडलीस?

ती दुधावरची नजर हलवेना. "ह्यांना विचार. त्यांच्याच तोंडून येऊ दे." मग गॅस बारीक करून म्हणाली, "आणि मध्ये तोंड घालू नकोस."

१८ जानेवारी

बाबा आपणहून आले. बनियनवरच. "लाव ते तुझं." आईलाही हाक मारली. ती दाराला टेकून उभी राहिली.

"एका घरातला एकच ठेवणार होते. हिला ठेवलं, मला काढलं. हिचं काम चोख होतं. मी म्हटलं, बायको कामाला आणि मी घरात, लोकांना काय तोंड दाखवू? दोन दिवस जेवलो नाही. मग हिनेही सोडली, दोघंही घरात. कारखाना त्यानंतर चांगला चार वर्षं चालला."

मी मध्ये बोलले नाही.

आई आली, बाबांच्या शेजारी बसली. रेकॉर्डर स्वतःकडे ओढून घेतला.

"हं. आता मला विचार."