आभार राहिले

सोमवार, ६ जानेवारी

खुर्ची उघडून बसता येतं आणि उठल्यावर मिटून ठेवता येत नाही, ही कसली शिकलेली माणसं? काल इथे कविसंमेलन झालं म्हणे. कवितेत आई, माती, घाम सगळं होतं आणि खुर्च्यांखाली वड्याचे तेलकट कागद. सगळं मीच उचललं. वर एक बाई म्हणते, जरा हळू आपटा हो खुर्च्या. म्हटलं, तुम्ही मिटा, मी कविता म्हणते.

तरी काम आवडलं, खोटं कशाला बोलू. लालबागचं रंगवेल सभागृह, आमच्या खोलीपासून पायी येता येतं. लोखंडी घडीच्या खुर्च्या, छोटं स्टेज, मागे चहाची मोरी. दारावर अप्पा असतात, मालवणकडचे म्हातारे वॉचमन. मला बघून म्हणाले, इलंस? आता खुर्च्येंची खैर नाय. हसले मी. किती दिवसांनी हसले.

वही अपेक्षाने दिली. माझी लेक. म्हणाली, आई, बोलून माझं डोकं खातेस त्यापेक्षा लिही. चौथी पास बाईला सांगते लिही.

माझा धाकटा राजस इथेच ढोलकी वाजवायचा. पावसाळ्यात तापाने गेला. त्याच्या ओळखीवरच मला हे काम मिळालं.

बुधवार, ८ जानेवारी

चिंतामणी मास्तर इथले चिटणीस. माणूस देवासारखा, पण बोलायला उभा राहिला की बसायचं नाव नाही. आज कथाकथन होतं. कथा संपली, लोकांनी टाळ्या दिल्या, की मास्तरांचं आभारप्रदर्शन सुरू. मंडपवाल्याचे आभार, माइकवाल्याचे आभार, हार देणाऱ्याचे आभार. माझा चहा निवून पाणी झाला. मी मागून खुणा करते, तर बघतच नाहीत. नंतर मला म्हणाले, लक्ष्मीताई, आभार झाल्याशिवाय कार्यक्रम संपत नसतो. म्हटलं, लोक तर संपतात ना.

रविवारी स्मृतिसंध्या आहे. इथली जुनी रीत. सभागृहाचे जे जे कलावंत गेले त्यांची नावं स्टेजवरून घेतात, या, बसा म्हणतात. मग त्यांच्या कविता, त्यांची गाणी. शेवटी आभारात त्यांना नावाने निरोप देतात. मास्तरांच्या आनंदीबाईंचं नाव दरवर्षी असतं, त्या नाटकात काम करायच्या.

मी विचारलं, राजसचं घ्याल का? मास्तर म्हणाले, विचारता काय, पहिलंच घेऊ.

रविवार, १२ जानेवारी

घेतलं. राजस, ये, बस, असं माइकवरून म्हणाले. मी मोरीत होते. पदर तोंडात कोंबला.

पोरांनी त्याची ढोलकी वाजवली, बरी वाजवली, त्याच्यासारखी नाही. मग मास्तर आभाराला उभे राहिले. मला तिथे थांबवेना. कधी एकदा संपतंय असं झालं. मागच्या रांगेतल्या खुर्च्या मिटायला लागले, धाड धाड. लोक मागे बघून हसले आणि उठले. दारात गर्दी झाली, कुणीतरी माइक बंद केला. मास्तर कागद हातात धरून तसेच उभे. म्हणाले, ताई, निरोप राहिला हो. म्हटलं, पुढच्या वर्षी द्या.

खुर्च्या मिटून, भिंतीला लावून घरी आले.

सोमवार, १३ जानेवारी

सकाळी कुलूप काढलं तर खुर्च्या मांडलेल्या. कालच्यासारख्याच, रांगेत. अप्पांवर तोंड टाकलं. ते म्हणाले, माका काय हौस हा? मी खुर्चेक हात लावूक नाय. पुन्हा सगळ्या मिटल्या.

बसायच्या जागा गार लागल्या. ओलं फडकं ठेवावं तशा.

मंगळवार, १४ जानेवारी

पुन्हा मांडलेल्या. मागच्या रांगेतली एक खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलत होती. टक, टक. वारा नव्हता, पंखा बंद.

राजस असाच बसायचा. जेवताना, अभ्यासाला, इथेसुद्धा. पडशील मेल्या, म्हणून मी आयुष्यभर ओरडले.

मी ओरडले नाही. संक्रांत आहे म्हणून डब्यातला तिळाचा लाडू त्या खुर्चीवर ठेवला. दुपारपर्यंत मुंगीसुद्धा शिवली नाही.

आज एकही खुर्ची मिटली नाही.

बुधवार, १५ जानेवारी

फरशी पुसत होते. ओल्या फरशीत बघितलं तर खुर्च्यांवर माणसं बसलेली. मान वर केली तर खुर्च्या रिकाम्या. खाली बघितलं, रांगा भरलेल्या. सगळी स्टेजकडे तोंड करून. मागच्या रांगेत राजस. हाताला सुई टोचलेली, तिच्यावर इस्पितळाची पट्टी तशीच.

बादली सांडली. सगळीकडे पाणी झालं आणि सगळीकडे तेच दिसले.

मास्तरांना बोलावलं. ते पहिल्या रांगेपाशी खाली बसले, ओल्या फरशीवर हात ठेवून रडले. म्हणाले, बसवून ठेवलंय आपण त्यांना, ताई. निरोपाशिवाय उठता येत नाही त्यांना. रविवारी सगळ्यांना परत बोलावतो, ज्यांच्यासमोर नावं घेतली त्यांच्यासमोरच आभार पुरे करतो.

मी म्हटलं, करायचे नाहीत. माझं पोर आत्ता कुठे आलंय. तुम्ही दरवर्षी बायको बोलावता नि पाठवता, माझं हे पहिलंच —

म्हणाले, आनंदीचा चेहरा बघा आणि मग बोला.

गुरुवार, १६ जानेवारी

बघितला. चेहरा उरलाच नाही. जुन्या फोटोला ओल लागते तसा.

राजसचाही उतरतोय. ओठ सुकलेत. शेवटच्या दिवशी, आई घरी चल म्हणाला होता, तेव्हाचे डोळे. पाण्याचा पेला ठेवला. तसाच राहिला.

खुर्ची झुलत नाही आता.

आणि ते स्टेजकडे बघत नाहीत. माझ्याकडे बघतात. सगळे.

त्याच्या शेजारी आणखी एक खुर्ची उघडलेली आहे. मी उघडली नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी, दुपार

अप्पांना सुट्टी. अपेक्षा म्हणाली जाऊ नकोस. आले.

फरशी पुसली. त्या खुर्चीवर कोण ते बघायला वाकले —

मीच. हीच साडी. हातात हीच वही.

मग बसले. उभं राहून काय करणार. गार आहे फार. पाय फरशीला —

राजस, ऐक. मास्तर परवा आभार मानणार. मी अडवलं तर थांबतील, मला माहीत आहे. तू सांग. मला शिकवू नकोस, गप्प बसू नकोस, तापात गप्प बसलास तसा. जायचं असेल तर तुझी खुर्ची मीट. मी अडवणार नाही. राहायचं असेल तर झुलव, एकदाच, मी ओरडणार नाही, आई शप्पथ. उद्या शनिवार. उद्या संध्याकाळपर्यंत मला जबाब पाहिजे, मग मी मास्तरांना —

दाराशी अपेक्षा हाका मारते. तिला ओ देते, पण ती ऐकतच —

राजस, उद्यापर्यं