मंगळावरचे दोन चंद्र

मु. पो. अड्याळ, जि. भंडारा
२० जानेवारी १९७२

तीर्थस्वरूप खुशालदादास, धाकट्या टेकचंदचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे (असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, पुढे वाच). तुझी तब्येत कशी आहे? लढाई संपून महिना झाला, आणि पलटणीतून आलेलं तुझं शेवटचं पत्र दिवाळीचं आहे.

यंदा शंकरपटाच्या जत्रेला, बैलांच्या शर्यती आटोपल्यावर, आम्ही मंगळ ग्रहावरचं नाटक बसवलं. लेखक मारोतराव शिंपी. त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की मंगळाला दोन चंद्र असतात, आणि तेव्हापासून त्यांना जमिनीवर उतरवणं कठीण झालं. कथा अशी, की मंगळावर पाण्याची एकच बोडी, धड तळ्याएवढीही नाही, आणि तिच्यापायी काळं पथक आणि तांबडं पथक सातशे वर्षं लढत आहेत. शिरस्त्राणांसाठी घरोघरचे स्वयंपाकाचे गंज आणून रंगवले (आईचा भाताचा गंज माझ्या डोक्यावर होता, कान अजून सोललेला आहे). किरण सोडायच्या बंदुका म्हणजे सायकलचे पंप. मी काळ्या पथकाचा सेनापती. तिसऱ्या अंकात मरतो.

आता खरं सांगतो, रागावू नकोस. आई रोज पोस्टमनची वाट बघायची. तिला अक्षर येत नाही, म्हणून मी कोरा कागद हातात धरून तुझी पत्रं "वाचू" लागलो. एक-दोन बरी जमली. पुढे सुचेना, आणि तालमीमुळे तोंडात नाटकच बसलेलं, तेव्हा सेनापतीचं भाषण वाचून दाखवलं: आई, इथली माती तांबडी आहे, रोज दोन चंद्र उगवतात, एक मावळला तरी दुसरा तुझ्या अंगणावर लक्ष ठेवील. आई इतकी खूश झाली की विहिरीवर सगळ्या बायांना सांगून आली. शेजारच्या शकुनबाईला तर काळजीच पडली, की मग तिकडे चतुर्थी कोणता चंद्र पाहून सोडायची.

प्रयोगाला आई पहिल्या रांगेत. किरण लागून मी पडलो आणि मरता मरता तेच भाषण सुरू केलं. दोन चंद्रांपर्यंत आलो आणि आई उभी राहिली. "हे तं खुशालच्या चिठ्ठीतलं होय! हा सेनापती तं मरून राहिला ना रे! मंग माहा पोरगा?" लोकांना वाटलं, हेही नाटकातलंच. टाळ्या पडल्या आणि मागून वन्स मोअर आला. दादा, आईला वन्स मोअर. तांबड्या पथकाचा भोजराज पंप टाकून रडायला लागला. मी मात्र मेलेलाच पडून राहिलो, कारण उठून तिला काय सांगणार होतो?

तेव्हापासून ती ताट तसंच सरकवते. चिठ्ठी वाचू का म्हटलं तर "नोको" म्हणते. मला फार भीती वाटते, दादा.

तुझा,
टेकचंद (काळं पथक, मयत)

ता. क. खरी विनंती ही, की दोन ओळी लिही, आणि त्यात चंद्र दोनच घाल. तुझ्याकडे एकच असला तरी दोन लिही, म्हणजे तिचा माझ्यावर पुन्हा विश्वास बसेल.

ता. क. २. आईने हे सगळं पत्र माझ्याकडून वाचून घेतलं आणि चंद्राची ओळ खोडायला सांगितली. मी खोडलेली नाही. खालचा निळा डाग तिच्या अंगठ्याचा आहे. म्हणते, "अक्षर कोनीबी काढते. त्याले सांग, याच्या बाजूले आपला अंगठा लाव अन् हाच कागद वापस पाठव."