डावा स्पीकर

दादा,

कामावर चाललेय. जेवण झाकून ठेवलंय.

डावा स्पीकर दुरुस्तीवाल्या काकांना दाखवला. तू नको म्हणाला होतास, माहीत आहे. पण "एकावर चालतंय की, कशाला दुरुस्ती" हे तू इतक्यांदा म्हणालास, की माझ्या मनात पाल चुकचुकली.

काकांनी मागचं झाकण उघडलं आणि माझ्याकडेच बघायला लागले. जळलेलं काही नाही. आतली वायर कुणीतरी सोडवून तिला टेप गुंडाळलीय, आणि नंतर नखाने शोधत बसायला नको म्हणून टेपचं टोक दुमडून ठेवलंय. आपल्या घरात टेपचं टोक कोण दुमडतं, ते मी काकांना सांगितलं नाही.

मग आईबाबांच्या गप्पांची कॅसेट आठवली. तूच दोन माइक लावून भरली होतीस, आई उजव्या स्पीकरवर आणि बाबा डाव्यावर. हल्ली ती लावली की आई विचारते, "अहो, ऐकताय ना?" मग नुसती खरखर, आणि मग आई एकटीच हसते. मी आपली समजत होते, कॅसेट खराब झाली.

तुझं आणि बाबांचं काय बिनसलंय, मी विचारत नाही. पण आई गेल्यापासून बाबा पहिल्यांदाच राहायला येतायत, उद्या. आल्या आल्या ती कॅसेट मागतील.

काका वायर जोडून देत होते, मीच नको म्हटलं. स्पीकर तुझ्या पलंगावर आहे, स्क्रू ड्रायव्हर शेजारीच. जोडायची नसेल, तर त्यांचा आवाज कुठे गेला, हे बाबांना तूच सांग.

धाकटी