राखेचा मुद्दा शेवटी

ता. ८ जाने. १९४६, मंगळ. आष्टा.
डॉ.नी आज दवाखान्यात सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं: संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाडीच्या शाळेत माझं व्याख्यान. विषय, बाळंतपणातील स्वच्छता. साताऱ्याला नर्सचं शिकताना आडवी पोरं सोडवली, डगमगले नाही. चार माणसांपुढे उभं राहायचं म्हटलं की पळ काढते. नाहीच म्हणणार होते. मग वाडीची तुळसा आठवली. दोन पोरं गेली तिची, दोन्ही सातव्या दिवशी, धनुर्वातानं, जबडा आवळून. वाडी म्हणते सटवीनं नेली. आता तिसऱ्यांदा दिवस भरत आलेत, नवरा पलटणीत. बाळंतपणाला मला काही बोलावणार नाहीत, सुईणच असणार. निदान कानावर तरी पडू दे. हो म्हणाले.

११, शुक्र.
आठ पानं लिहिली. डॉ.नी त्यात सात ठिकाणी ‘निर्जंतुक’ घातलं. वर सल्ला, "महत्त्वाचा मुद्दा शेवटी ठेवा. तोच लोकांच्या लक्षात राहतो." म्हणून क्रम असा: कातर उकळणे, दोरा उकळणे, शेवटी राख. नाळेवर चुलीतली राख दाबून बसवतात, खरा घात तिथंच होतो.
घरमालकीण पार्वतीकाकूंना वाचून दाखवलं. दुसऱ्या पानाला घोरायला लागल्या. पानं चुलीत घातली. त्याऐवजी चिंध्यांची बाहुली शिवली, पोटाला दोरीची नाळ. बघितलं की कळेल. बाहुली छान झालीय, खोटं कशाला बोलू.

१५, मंगळ.
सासवा पुढे, सुना भिंतीकडेला, नाकापर्यंत पदर. तुळसा दाराजवळ. सुरुवात बरी झाली. कातर किती वेळ उकळायची, तर भाकरीचं पीठ मळून होईतो, म्हटल्यावर हसल्यासुद्धा. दोऱ्याचंही सांगितलं. मग बाहुली टेबलावर ठेवली, कातर उचलली आणि
तुळसाची सासू बायजाआत्या उठली.
"आवं बाई, पोटुशी बसलीया हितं! अन् ह्ये काय दावताय? रडत न्हाई, हलत न्हाई. मेलं पोर हाय त्ये!"
बायका तिळगूळ तसाच टाकून निघाल्या. आत्यानं तुळसाला दंडाला धरून नेलं. मी म्हणत राहिले, थांबा, राखेचं राहिलंय. कुणी ऐकेना.
दोन पोरं पुरलेल्या बाईपुढे मी निपचित पोर मांडलं, आणि शिवताना हे डोक्यातही आलं नाही. लाज वाटते.

१६
डॉ.नी अहवाल मागितला. ‘उपस्थिती उत्तम, व्याख्यान परिणामकारक’ असा त्यांनीच सांगितला, मी लिहिला.

१९
वाडीला गेले. आत्यानं ओट्यावर बसवलं, ताक दिलं. "राग न्हाई वो. पर पोरीनं तवापास्नं दोन दीस जेवान सोडलं हुतं. तुमची सावली नगं तिला." राखेचं बोलायला तोंड उघडलं तर कानांवर हात. ताक पिऊन परत. काय करणार?

२७, रवि.
सुईण काशीबाय डोळ्यांत औषध घालायला दवाखान्यात आली होती. तुळसा काल मोकळी झाली, मुलगी. विचारू का नको करत विचारलं, कातर?
"उकळली की! तुळसानंच हट्ट धरला. कळा येत हुत्या तरी म्हनं, पीठ मळून होईतवर ऱ्हाऊ दे भांड्यात. दोरा बी उकळाया लावला. लय घोर तिला."
म्हणजे ऐकत होती! पदराआडून शब्दन् शब्द. औषधाची बाटली खाली ठेवली.
"आणि राख, काशीबाय?"
"लावली की. राखंबिगर नाळ वाळंल कशी?"
डॉ.ना सांगितलं. म्हणाले, जंतू लागायचे ते लागले असतील. आता बघत राहायचं.

३०, बुध.
आज पाचवी पुजायची, बायांना मज्जाव नसतो, म्हणून घुसलेच. पोर लालबुंद, अंगावर ओढते छान. बेंबीवर राखेची खपली. आत्याला म्हटलं, कोमट पाण्यानं पुसू द्या, पाया पडते. "पूजा मांडलीया. हात लावू नगा." काशीबायकडे बघितलं, तिनं मान फिरवली. एवढ्या बायकांत हिसकून घेणार होते का मी पोर?
तेवढ्यात तुळसानं पदर सारला. पहिल्यांदाच तोंड नीट दिसलं तिचं. हसत होती.
"बाई, तुमी जेवढं सांगितलं तेवढं सगळं केलं म्या. येक बी सोडलं न्हाई."
शाबास म्हणाले. पोरीच्या गालाला बोट लावलं, तिनं तोंड उघडलं. जबडा सैल आहे. आज तरी.
परवा सातवा.