नेदूभाऊच्या दारवर

१९ नोव्हेंबर १९४३, नंदुरबार
नेदूभाऊ गेला. करीमचाचा शिंप्यानं उर्दू पेपरातून वाचून दाखवलं. दोनच ओळी. इस्तंबूलचे नामवंत नट नेदीम बे, दीर्घ आजार. पेपर किती जुना कोण जाणे, त्यात सुतळीचा गुंडा बांधून आला होता. म्हणजे परवा आमच्या सिनेमाच्या तंबूत तो पडद्यावर घोडा फेकत होता, शिट्या पडत होत्या, तेव्हा तो मातीत होता. ना नात्याचा ना गोत्याचा, तरी रडले. हे म्हणाले, मशीनपाशी रडू नको. मग स्वतःच बाहेर जाऊन नाक पुसून आले.

२१ नोव्हें.
तंबूचा शेठ म्हणतो, मेलेल्याचा खेळ कोण बघणार? लढाईमुळे नवे खेळ येत नाहीत, मशीनच्या दिव्याला कार्बन मिळत नाही, जुनं विकून मोकळं व्हायचं. मुंबईचा कुणी बांगड्यांचा कारखानदार आहे. फिल्म धुतात, चांदी काढतात, उरलेल्याच्या बांगड्या.
हाच शेठ हा खेळ मुंबईत कुणी घेईना म्हणून स्वस्तात उचलून घेऊन आला होता. तुर्की भाषा, ओ की ठो कळत नाही. खेळ समजावून सांगणारा माणूस पळाला आणि भोंगा माझ्या हातात आला. पडद्याच्या कडेला उभी राहून अहिराणीत सांगायला लागले, नेदीमचा नेदूभाऊ मीच केला. गावोगावच्या बायकांनी त्याला राख्या पाठवल्या आहेत! आणि आता त्याच्या बांगड्या करणार. मेल्याला लाज कशी वाटत नाही.

२४ नोव्हें.
कोरीटच्या बायका आल्या, पुढे जिजामाय. तोंडावर पदर घेऊन तंबूच्या दाराशी बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. मरणाच्या घरी दारवर येतात तसंच. त्याचं इथं घर कुठलं, तंबू तेच घर. मी गळ्यात पडून रडून घेतलं, घरची बाई म्हणून मग पाणीही दिलं.
शेठ आधी भांबावला. मग त्याचं डोकं चाललं. सारंगखेड्याच्या जत्रेत शेवटचा खेळ, तशी दवंडी. त्यानंतर फिल्म मुंबईला.

२५ नोव्हें.
काल झोप नाही. जि.माय डोक्यातून जात नाही.
तिचा सखाराम मागच्या लढाईत खेचरांबरोबर बसऱ्याकडं गेला. तुर्कांनी धरून नेला, एवढंच कुणी परत आलेल्यानं सांगितलं. पुढं काही नाही. खेळात नेदूभाऊ बोटीत चढतो तिथं मागं गर्दीत एक माणूस डाव्या हातानं दोर फेकतो आणि निघून जातो. सखाराम डावरा होता. जि.माय जिथं तंबू जाईल तिथं त्या दोरासाठी येते.
बायका पडद्याच्या मागं बसतात. पडदा पाण्यानं भिजवला की मागूनही दिसतं, पण सगळं उलट. समोरून बघितलं तर तो माणूस उजवा आहे. मी कडेला उभी असते, दोन्हीकडचं मला दिसतं. आजवर बोलले नाही. कशाला बोलायचं?

३० नोव्हें.
कोरीटला गेले होते, भोंग्याच्या पट्ट्याला चामडं आणायला. जि.मायकडं भाकर खाल्ली. सखारामचं ताट वाढलेलं. रोज वाढतात, रोज गाईला जातं. भटजींनी कितीदा सांगितलं, पळसाच्या पानांचा देह करून अग्नी दे. म्हातारी ऐकत नाही. सून गोदा, लग्न झालं तेव्हा पोरच होती, आता केस पिकलेत. कुंकू ठसठशीत. माहेर धानोरा, हाकेच्या अंतरावर, पण एक रात्र तिथं राहिलेली नाही. सासूचं एकच, तो आला आणि तू घरात नसलीस तर? गोदाची आई अंथरुणाला खिळली आहे तरीही नाही. गोदा भाकर फार चांगली करते.

४ डिसें.
जि.माय बाजाराला आली होती, मुद्दाम तंबूत शिरली. म्हणते, शेवटचा खेळ समोर बसून बघणार, पुरुषांत. दारवर आल्यावर बाईला कसला आडपडदा! मी म्हटलं, माय, मागूनच बरं दिसतं. ऐकते कुठं. मग हळू म्हणाली, "मोरथून भी तोच दिखना तं तो जिता शे. नही दिखना तं आते पळसना करसू. थकनू मी, बाई."
समोरून तो दिसला नाही तर पळसाचा देह करून अग्नी देणार. म्हातारी उजवा हात बघून तिथंच बसेल, उठणारच नाही असं वाटलं.
ह्यांना सांगितलं. मग म्हणाले, ते रीळ उलटं, पालथ्या बाजूनं लावता येतं. समोरून डावा दिसेल. पण आवाजाची पट्टी दुसऱ्या कडेला जाईल, आवाज बंद पडेल.
म्हटलं, आवाज कळतो कुणाला. सांगायला मी आहे.

११ डिसें., सारंगखेडा
तंबू फुटायचा बाकी. फेटे काढून बसले होते लोक. नेदूभाऊ घोड्यावर आला तेव्हा शिटी नाही, टाळी नाही. एकजण हुंदका देऊन रडला, मग बरेच.
बोटीचं रीळ लागलं आणि मुकं झालं सगळं. नेदूभाऊच्या गालावरचा व्रण या गालावरून त्या गालावर. कुणी ओरडलं, कुणी त्याला गप्प केलं. मी सांगत राहिले, आता बोट आली, आता भाऊ चढला. आणि दोर. डाव्या हातानं. जि.माय उभी राहिली, मागच्यांनी बसवलं तरी उभीच.
खेळ संपल्यावर माझ्या तोंडावरून हात फिरवला तिनं. "तोच शे. जिता शे मन्हा सखा." बाहेर गोदाला हाक मारून म्हणाली, उद्यापासून ताटात गूळ भी वाढ.
मला इतकं बरं वाटलं. खोटं का लिहू, फार बरं वाटलं.

१२ डिसें.
सकाळी तापीवर भांडी घासत होते. गोदा आली, शेजारी बसली, माझी दोन भांडी ओढून घासू लागली. कोरीटची गाडी नावेपाशी थांबली होती, तिच्यासाठी.
म्हणाली, सासूला समोर बसायचं तिनंच सुचवलं होतं. मागच्या जत्रेत पाणी आणायला ती पुरुषांच्या बाजूनं गेली, तेव्हा तिला तो माणूस उजवा दिसला होता. स्वतः सांगितलं असतं तर म्हातारीनं नवऱ्याच्या वाईटावर टपलेली म्हटलं असतं. म्हणून म्हातारीलाच बघू द्यायचं ठरवलं. ती स्वतः नेहमीसारखी मागं बसली.
"काल माले मांगेथून उजवा हात दिखना, ताई."
एवढंच बोलली. मागून उजवा, म्हणजे रीळ उलटं लावलं हे तिनं ओळखलं होतं. भांडी पालथी घातली आणि गाडीकडं गेली. मी तीच भांडी पुन्हा घासली.

१६ डिसें., नंदुरबार
डबे मुंबईच्या गाडीत चढले. नेदूभाऊ, बोट, दोर, सगळं. शेठला हात जोडले, ते एक रीळ ठेवा, एकदा सरळ लावू द्या. म्हणतो, वजनात कमी भरेल. हे स्टेशनावर गेले नाहीत. मशीनचं झाकण उघडून बसून होते.

२३ डिसें.
गोदाची आई गेली. धानोऱ्याला दारवर गोदा सकाळी गेली, दिवस मावळायच्या आत कोरीटला परत. आईच्या दारवर एक रात्र काढता आली नाही तिला. ताट वाढायचं होतं. करीमचाचाच्या बायकोनं सांगितलं, मी चुलीपुढं होते, पीठ तसंच राहिलं.
जाऊन जि.मायला खरं सांगायला हवं. हे म्हणतात, सांगून म्हातारी मानेल का? दाखवायला आता काय आहे, बांगड्या? आणि मानलं तर तिचं काय होईल? खरं आहे त्यांचं. पण रीळ ह्यांनी लावलं आणि लाव म्हणाले मी.
उद्या कोरीटची गाडी आहे. लुगडं काढून ठेवलंय. जि.मायसमोर बसल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते सुचत नाही. इतकी वर्षं भोंग्यातून बोलले, आणि आता…